घरापासून वीस मिनिटांवरचा परगाव

सुट्टीत कुठे गेला होतात, असं कुणी विचारलं की आपण काय सांगतो? कुणी महाबळेश्वर, कुणी कोकणातलं मामाचं गाव, एखादा भाग्यवान थेट काश्मीर. आज मी तुम्हाला अशा प्रवासाची हकिकत सांगणार आहे, की ज्यात आम्ही आगगाडीत बसलो नाही, एसटीत बसलो नाही. अंधेरीच्या आमच्या चाळीतून रिक्षा केली आणि वीस मिनिटांत मुक्कामाला पोचलो! आपल्याच शहरात पाहुणं होऊन राहायचं. इंग्रजीत याला ‘स्टेकेशन’ म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत मात्र याला म्हणतात, ‘पैशे वर आलेत.’

ही गोष्ट मे २०१५ ची. तुमच्यापैकी कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. मी डीएड होऊन महापालिकेच्या शाळेत नुकती लागले होते. आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून दादाने हट्टाने सगळ्यांसाठी एका रात्रीच्या खोल्या घेतल्या. हॉटेल कुठलं? विलेपार्ले पूर्वेला, देशांतर्गत विमानतळाच्या अगदी शेजारचं ‘ऑर्किड’. पाच तारे असलेलं. आई म्हणाली, “अरे, एवढ्या पैशांत गॅलरीला नवा पत्रा आला असता.” पण निघाली. आणि शहापूरहून आलेली आजीही निघाली, नऊवारी नेसून, पिशवीत तांदळाच्या भाकरी घेऊन. पंचतारांकित झालं म्हणून काय, तिथे भाकरी मिळेल याची खात्री तिला कशी असणार?

रिक्षा पार्ल्यात शिरली तेव्हा वाऱ्यावर बिस्किटांचा वास आला. पार्ल्यातला तो जुना बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, त्यामुळे आता तो वास तुम्हाला मिळणार नाही. आम्हाला मिळाला.

या हॉटेलाची मजा अशी, की ते १९९७ साली सुरू झालं तेच पर्यावरणाचा विचार करून. ‘इकोटेल’ नावाचं एक प्रमाणपत्र असतं. पाणी, वीज, कचरा यांचा नीट हिशेब ठेवणाऱ्या हॉटेलांना ते मिळतं. आशियात ते मिळवणारं पहिलं पंचतारांकित हॉटेल म्हणून याचं नाव झालं. उभं केलं आपल्या विठ्ठल कामतांनी. त्यांच्या वडिलांचं चर्चगेटला ‘सत्कार’ नावाचं उपाहारगृह होतं. इडली-डोशापासून इथपर्यंतचा प्रवास त्यांनी ‘इडली, ऑर्किड आणि मी’ या पुस्तकात लिहिला आहे. तुमच्या शाळेच्या वाचनालयात असेल, शोधा.

दार उघडून आत गेलो आणि आजी जागच्या जागी थांबली. समोर इमारतीच्या पोटात, छपरापर्यंत मोकळी जागा. वरून दिवसाचा उजेड खाली येतोय, आणि एका बाजूला चांगला सत्तर फुटांचा धबधबा! घरात धबधबा! बाबा फोटो काढायला लागले. आजीने मात्र मला कोपराने ढोसलं.

“बाय, ह्ये पाणी कुठलं गं?”

आता आजी असं का विचारते, हे कळायला तिचं गाव कुठे आहे ते पाहू. नकाशात ठाणे जिल्हा काढा. त्यात शहापूर तालुका. मुंबईला पाणी देणारी सात तळी आहेत. त्यातली विहार आणि तुळशी एवढी दोनच मुंबईत. बाकीची लांब, आणि त्यातलं तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. तानसा १८९२ सालचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. शंभरेक किलोमीटर अंतर कापून, वाटेत शुद्ध होऊन ते आपल्या नळाला येतं. आणि त्याच शहापूर तालुक्यात, धरणांच्या कुशीतल्या कित्येक गावांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो! आजीच्या गावाजवळून तानसाची जलवाहिनी जाते. इतकी मोठी, की आत माणूस उभा राहील. त्या नळाला कान लावला की आत पाणी ऐकू येतं, असं आई सांगते. तिच्या लहानपणी त्या मुली कान लावून बसायच्या, डोक्यावर रिकामे हंडे.

म्हणून आजीचा प्रश्न. तिथल्या एका काकांनी तो ऐकला. ते हॉटेलची देखभाल बघणारे. हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, “आजी, पाणी तेच तेच फिरतं. खाली पडलं की पंप वर नेतो. उडून जातं तेवढंच नवं घालायचं.” आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग पंपाला वीज?” काका म्हणाले, “ती लागते.” आजी म्हणाली, “हां.” आणि पुढे चालू लागली.

खोलीत गेल्यावर दादाने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागेना! दाराजवळ एक खाच असते, तिच्यात किल्लीचं कार्ड घालायचं, मग वीज सुरू. बाहेर जाताना कार्ड काढलं की पंखा, दिवे, एसी, सगळं आपोआप बंद. बाबांना हे फारच पटलं. घरी आल्यावर ते आठवडाभर म्हणत होते, “आपल्याकडेही एक खाच करू या.” आमच्या घरी दिवे तीन.

खिडकीला काचा किती असतील? एक नाही, दोन नाही, तीन! एकामागे एक, मधे मोकळी जागा. कोंडलेली हवा बाहेरची उष्णता आणि आवाज दोन्ही अडवते. शेजारीच धावपट्टी, तरी खोलीत विमानाची नुसती सावली दिसायची, आवाज नाही. मूकपट पाहतोय असं वाटे. उष्णता कमी आली की एसीला काम कमी. एसीच्या यंत्रावर एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की खोलीचं तापमान दोन अंशांनी वाढतं आणि तेवढी वीज वाचते. आम्ही ते दाबलं, कारण आजी आधीच गोधडी मागत होती.

संध्याकाळी त्याच काकांनी आम्हाला मागची बाजू दाखवली. खरं सांगू? मला पुढच्या बाजूपेक्षा तीच जास्त आवडली. भिंतींच्या सिमेंटमध्ये राख मिसळली आहे, असं ते म्हणाले. कोळसा जाळून वीज करणाऱ्या केंद्रांत राखेचे डोंगर साठतात, आपल्या कोराडीला आहेत तसे. ती बारीक राख सिमेंटात घातली की सिमेंट कमी लागतं आणि भिंतही मजबूत होते. स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठासालींवर गांडुळं सोडलेली. “ही आमची बिनपगारी माणसं,” काका म्हणाले. आईने त्यांना गांडूळखताचे इतके प्रश्न विचारले, की बिचारे घामाघूम झाले.

सगळ्यात महत्त्वाचं होतं सांडपाण्याचं यंत्र. आंघोळीचं, संडासाचं, सगळं पाणी एका टाकीत येतं. तिथे त्यात हवा सोडतात, म्हणजे जिवाणू वाढतात आणि घाण खाऊन टाकतात. मग ते पाणी गाळायचं. ते पिण्याजोगं नसतं, पण झाडांना चालतं. आणि मोठ्या इमारतींचा एसी थंड ठेवायला जे पाणी लागतं, त्यालाही. माठातलं पाणी कसं गार होतं, आठवा. बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उष्णता घेऊन जातं. मोठ्या एसीच्या मनोऱ्यात हेच चालतं, फक्त अजस्र प्रमाणात, आणि रोज कितीतरी पाणी असं हवेत उडून जातं. तिथे भातसाचं गोड पाणी उडवायचं की एकदा वापरलेलं? हे हॉटेल वापरलेलं उडवतं. संडासाच्या टाकीतही फरक. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर सोडतात, इथे सहा.

आता मी पडले प्राथमिक शिक्षिका. ऐकलं ते मोजून पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. रात्री मी लिटरची बाटली आणि घड्याळ घेऊन न्हाणीघरात गेले. नळ पूर्ण सोडला. बाटली भरायला दहा सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला सहा लिटर. गंमत म्हणजे धार मात्र जोरदार वाटत होती! नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती पाण्यात हवा मिसळते. धार फुगते, पाणी कमी जातं. आमच्या चाळीच्या नळाला सकाळी पाणी येतं तेव्हा तीच बाटली पाच सेकंदांत भरते. म्हणजे जाळीमुळे निम्मं पाणी वाचलं.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. आपल्या देशात शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरेसं धरतात. मोठ्या हॉटेलांतला बाथटब एकदा भरायलाच दीडशे लिटर सहज लागतात. शिवाय रोज धुतलेल्या चादरी, टॉवेल, पोहण्याचा तलाव. आमच्या चाळीतल्या नळाला जाळी नाही, प्रमाणपत्र नाही, पण पाणीच दीड तास येतं, त्यात पाच माणसांचं सगळं उरकायचं. मग जास्त पर्यावरणवादी कोण? मी दादाला हे विचारलं तर तो चिडला. “ताई, एक दिवस तरी मास्तरीण होऊ नकोस!” त्याचंही खरं होतं. त्याने पहिल्या पगारातून साठवून ही हौस केली होती. आणि हेही खरं, की मुंबईत मोठी हॉटेलं असणारच आहेत. ती असायचीच असतील, तर वापरलेलं पाणी पुन्हा वापरणारी असावीत. मला एवढंच म्हणायचं, की दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडावेत.

हॉटेलाला नाव ज्या फुलाचं आहे, त्या ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्या सह्याद्रीतही आमऱ्या आहेत. ‘सीतेची वेणी’ ही त्यातलीच, पावसाच्या तोंडावर झाडावर गुलाबी-पांढरे गजरे लोंबतात. पुष्कळांना वाटतं, झाडावर वाढते म्हणजे बांडगूळ. बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस पितं. आमरी फांदीला नुसती धरून राहते आणि हवेतल्या ओलाव्यावर, पावसावर जगते. शहरातली एखादी मोठी इमारत आमरी आहे की बांडगूळ, हे कसं ओळखायचं, यावर माझ्या वर्गात एकदा तासभर भांडण झालं होतं.

सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे. खालच्या मजल्याला ऊन लागू नये, हाही त्याचा उपयोग. तिथून विमानं इतकी जवळून उडताना दिसतात, की आजी पहिल्या वेळी चक्क खाली वाकली. मग खुर्ची ओढून बसली आणि एकवीस विमानं मोजली. नाश्त्याला इडली होती, तिने भाकरी बाहेर काढलीच नाही. निघताना मात्र खोलीतली कापडी पिशवी, धुवायचे कपडे ठेवायची, तिने उलटसुलट करून पाहिली. “शिवण चांगली आहे,” म्हणाली आणि जागेवर ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात बंदी आली ती नंतर, २०१८ मध्ये.

त्या वर्षी पाऊस फारच कमी पडला. ऑगस्टअखेर मुंबईत वीस टक्के पाणीकपात झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला चक्क आगगाडीने पाणी न्यावं लागलं.

आजीला पोचवायला मी जूनच्या सुरुवातीला शहापूरला गेले, तेव्हा बाटली बरोबर होती. गावच्या हापशावर ती धरली. पहिले सतरा दांडे नुसती हवा. मग करंगळीएवढी धार. बाटली भरायला पाऊण मिनिट लागलं, आणि माझ्यामागे अकरा कळश्या रांगेत होत्या.

शाळा सुरू झाल्यावर हे तिन्ही आकडे मी चौथीच्या फळ्यावर लिहिले. प्रत्येकाने आपापल्या घरी बाटली भरून वेळ लिहून आणायची, असा अभ्यास दिला. तुम्हीही करून बघा, कागद-पेन्सिल आणि सेकंदकाटा पुरे. कुणी चार सेकंद आणलं, कुणी सात. डोंगरावरच्या वस्तीतली एक मुलगी मात्र गोंधळली होती. तिने लिहून आणलं होतं, “बाई, बाटली तीन सेकंदांत भरते. पण टँकर परवा येणार आहे. मग किती लिहू?”