आबांचे पांढरे बैल

दिवाळीला आम्ही चुलत-आते भावंडं गावी जमलो की रात्री सोप्यात अंथरुणं पडतात, दिवा मालवला जातो आणि कुणीतरी आबांचा विषय काढतंच. मग ज्याचा त्याचा आबा वेगळा निघतो. दादाला आठवतात पहाटे साडेचारला उठून वाकळेची कडेला कड लावून घडी घालणारे आबा. धाकटीला आठवतो त्यांच्या खिशातला भुईमुगाच्या शेंगांचा वास. मला आठवते ती वही.

आबा कोरेगाव तालुक्यातल्या कोरडवाहू घरातले. चार भाऊ, आठ एकर रान आणि मार्चातच तळ दाखवणारी विहीर. सातारा जिल्ह्यात अशा घरातला एखादा पोरगा पलटणीत जायचाच. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धातून परत आले नाहीत, तरी पुढच्या पिढीनं भरती सोडली नाही. त्यात हौस किती होती, असं मी एकदा आबांना विचारलं होतं. "घरात जोंधळा नव्हता," एवढंच म्हणाले. १९४१ साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर हजर झाले. जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. लिहिणाऱ्यानं अंदाजानं वय घातलं आणि तेच जन्मभर कागदोपत्री चाललं.

फौजेत तेव्हा जवानांना हिंदुस्तानी शिकवत ती रोमन लिपीतून. शाळेची पायरी न चढलेल्या आबांना पहिली अक्षरं आली ती इंग्रजीची, आणि घरचा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत त्याच अक्षरांत लिहिला. शब्द मात्र सगळे आमचे: बाजरी, पेंड, कडब्याच्या पेंढ्या, लुगडं. आत्याला लहानपणी त्या वहीचं मोठं कोडं वाटायचं. पाचवीत एबीसीडी आली आणि तिनं आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाचलं ते "म्हशीला सरकी." त्याच्याच खालच्या ओळीत तिच्या शाळेचा खर्च होता. मुलीला कशाला शिकवतोस म्हणणाऱ्या भावकीशी आबा कधी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी तिला रयतच्या हायस्कुलात घातलं आणि वहीत आकडा लिहिला.

लढाई त्यांनी आम्हाला फारशी सांगितली नाही. त्यांची बटालियन तिसरी; १९४४ साली ती इटलीत होती, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. १० जुलैला त्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा दुसऱ्या कंपनीत होते. घाडग्यांचं नाव निघालं की आबा हातातलं काम थांबवायचे, अडकित्ता असो की दावं. "त्याचा देह गावला न्हाई रं," एवढं म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

बैलांचं मात्र खुलून सांगायचे. त्या खोऱ्यात नांगराला मोठे पांढरेशुभ्र बैल असत, किआनिना जातीचे. हे नाव मला फार पुढं कळलं. आबांसाठी ते नुसते "तिकडचे बैल" होते. "आपला खिल्लार त्यापुढं वासरू," म्हणत ते उभे राहायचे आणि खांद्याची उंची हातानं दाखवायचे. हात त्यांच्या डोक्याच्या वर जायचा. जुलैचे दिवस, गहू कापणीला आलेला आणि त्यातून फौजा चाललेल्या. पिकात पाय टाकताना जीव कसनुसा व्हायचा, हे ते ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात बंदुकीचं कधी काही सांगितलं नाही. एका म्हातारीनं त्यांना पाणी दिलं होतं. तिच्याकडून आलेला "आक्वा" हा शब्द आमच्या घरात राहिला. रानात तहान लागली की आम्ही पोरं "आक्वा, आक्वा" ओरडत विहिरीकडं पळायचो.

लढाई संपली, घरी आले. पेन्शनीला लागणारी पंधरा वर्षं भरली नव्हती, म्हणून पुन्हा औत धरलं. पत्र्याच्या ट्रंकेतलं एकेक सामान संसाराला लागलं. मेसटिन वासराच्या दुधाचं माप झालं, ग्राउंडशीट खळ्यावर अंथरली गेली, पायाच्या पट्ट्या थंडीत आजीच्या गुडघ्याला गुंडाळल्या गेल्या. इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी फीत आत्यानं भातुकलीतल्या नवरीला बांधली. आजी रागावली तेव्हा आबा म्हणाले, "बांधू दे. लगीन हाय."

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते जागेच होते. "बाहर निकलो!" अशी फौजी हाक देत त्यांनी घरातली माणसं अंगणात काढली आणि मग एकटे गोठ्यात जाऊन जनावरांची दावी सोडली. बाहत्तरच्या दुष्काळात आबा-आजी दोघंही खडी फोडायला गेले. घरात लाल मिलोच्या भाकरी होत्या. कामावर हजेरी मांडायला लिहिता येणारा माणूस हवा होता, पण आबांची अक्षरं तिथं चालणारी नव्हती. त्यांनी परत हातोडा उचलला. हे आजीनं सांगितलं. आबा त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मला अजूनही ते मनाला लागतं.

पुढं सरकारनं दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना मानधन सुरू केलं. मग दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याची खेप. आदल्या रात्री स्वतः टोपीला नीळ घालायचे. नव्वदीत एसटीची पायरी चढताना मी हात पुढं केला, तर म्हणाले, "तू पिशवी धर." सही रोमन अक्षरांत, सावकाश, टोक दाबून. आजी गेली त्या वर्षीही ते एकटे गेले. संध्याकाळी परत आल्यावर सवयीनं पेढ्यांचा पुडा तिच्या खाटेवर ठेवला आणि तिथंच बसून राहिले. दिवा लागेपर्यंत आम्ही कुणी जवळ गेलो नाही. वहीत त्या दिवशी एसटीचं भाडं लिहिलंय, पेढ्यांचा आकडा नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, पेरणीच्या दिवसांत, तेही गेले.

२०२३च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावात घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. फोटो मी मोबाइलवर आत्याला दाखवला. तिनं चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. स्मारकाकडं तिचं लक्षच नव्हतं.

"जरा मागचं मोठं कर," ती म्हणाली. "रान दिसतंय का बघ. अन् बैलं?"