ही बाई कोण बोलतीया?

संगणकाच्या तासाला सरांनी सांगितले, "प्रत्येकाने एखाद्या मोफत सॉफ्टवेअरचे पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक करून आणायचे. पडद्यावर जे चालते ते रेकॉर्ड करायचे आणि सोबत आपल्या आवाजात समजावून सांगायचे." मनात म्हटले, यात अवघड ते काय! वाचकहो, त्या पाच मिनिटांनी माझे अकरा दिवस खाल्ले. त्याचीच ही कैफियत.

विषय शोधावा लागला नाही. आईच्या बचत गटात अकरा बायका आहेत. दरमहा प्रत्येकीचे १०० रुपये जमा होतात आणि त्यातूनच गरजेला कर्ज दिले जाते, महिना शेकडा २ रुपये व्याजाने. हिशेबाची वही आईकडे. ती सातवी शिकलेली. अक्षर चोख, पण बेरीज जुळली नाही की मी संध्याकाळच्या एसटीने घरी येईपर्यंत वही मांडीवर घेऊन बसते. हा हिशेब लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये मांडावा आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर तो कसा भरायचा हे आईला दाखवावे, असे मी ठरवले. गुणही मिळतील आणि घरचे कामही होईल.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे मन लावून बोलले. लावून पाहिले, तर पडदा काळाकुट्ट आणि त्यावर माझा आवाज! जणू मी नभोनाट्यच केले होते. प्रयोगशाळेतल्या एका मित्राने उलगडा केला. काही लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिप असतात; पडदा एकीकडे आणि रेकॉर्डिंग दुसरीकडे सोपवलेले असले, की हाती अंधार लागतो. सेटिंग बदलून ते निस्तरले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या वाक्याला वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने तर केव्हाच राम म्हटलेला. वीज आल्यावर फाइल दिसत होती, पण उघडेना. एमपी-फोर प्रकारच्या फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. मध्येच घात झाला तर सारी पाने असूनही कुठले पान कुठे, हे यंत्राला कळत नाही. एमकेव्ही प्रकारात निदान तोवरचे तरी वाचते. हे शहाणपण मला पाच मिनिटे गमावून आले.

मग अक्षरे पुसट दिसू लागली. रागाच्या भरात मी गणित मांडले. आमच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका सेकंदाचे सुमारे ९४ मेगाबाइट होतात! एवढे कोण साठवणार? म्हणून सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करते. त्यात उजेड-अंधार बारकाईने जपला जातो, रंग मात्र ढोबळपणे. माणसाच्या चेहऱ्याला ते चालून जाते. मी कर्जाचे आकडे लाल केले होते, ते पांढऱ्या चौकोनात फुटून गेले. ते काळे केले तेव्हा जरा वाचता येऊ लागले.

त्यात शेजारी पिठाची गिरणी. तिच्या घरघरीत माझा आवाज बुडे, म्हणून रात्री अकराला बसू लागले. एके रात्री सगळे सुरळीत चालले असता पडद्याच्या कोपऱ्यात निरोप झळकला : फी भरण्याची शेवटची तारीख अमुक. आमच्या थकलेल्या फीचे प्रदर्शन वर्गात नको, म्हणून पुन्हा पहिल्यापासून!

या दिवसांत मी डग्लस एंगलबार्ट यांच्याविषयी वाचले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी हजारएक लोकांपुढे नव्वद मिनिटे संगणकाचे प्रात्यक्षिक केले. माऊस तेव्हा पहिल्यांदाच लोकांपुढे आला. संगणक होता मैलोगणती दूर, मेन्लो पार्कला, आणि सारे प्रत्यक्ष चाललेले. मला मात्र चौथ्या मिनिटाला 'व्याज' म्हणताना जीभ अडखळली की पुन्हा श्रीगणेशा करावा लागे.

नवव्या दिवशी एकदाचे निर्दोष रेकॉर्डिंग झाले. मी अभिमानाने ते आईला दाखवले. माझा आवाज सांगत होता, "सदर कक्षामध्ये सभासदाची रक्कम नमूद करावी." आईने थोडा वेळ ऐकले आणि विचारले, "ही बाई कोण बोलतीया? बँकेतली हाय काय?"

मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. बँकेतल्या बाईंपुढे आई नुसती मान हलवते आणि बाहेर आल्यावर मला विचारते, काय म्हणाल्या त्या? पहिल्या वर्षाला मी वर्गात 'हितं' म्हणाले तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकला होता. तेव्हापासून मी तोलूनमापून बोलते. आवाज सुधारता सुधारता मी आईच्या खिडकीपलीकडे जाऊन बसले होते, हे मला त्या प्रश्नाने कळले.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या प्रकल्पात असे धडे मराठीतही मिळतात. तिथली रीत म्हणजे आधी संहिता लिहायची, ती नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची आणि मगच रेकॉर्ड करायचे. माझा नवखा माणूस चुलीपुढेच होता. आईने एकेक वाक्य ऐकले. जिथे ती थांबली तिथे मी खोडले. 'सदर कक्षामध्ये' गेले आणि तिथे आले, "हितं ह्या चौकोनात आकडा टाक, मग एंटर दाब." बाण कुठे पळाला ते तिला दिसेना, म्हणून तो सावकाश फिरवला.

अकराव्या दिवशी तेच रेकॉर्डिंग मी वर्गात लावले. 'हितं' ऐकून मागचे बाक पुन्हा हसले. माझे कान तापले, पण मी ते बंद केले नाही.

त्या रविवारी आईने मोबाइलवर माझा आवाज लावला, दर वाक्याला थांबवत लॅपटॉपवर अकरा नावांपुढे आकडे भरले आणि बेरीज घेतली. ११०० आले. मग तिने वही काढली, बोटाने एकेक ओळ ताडून पाहिली आणि म्हणाली, "बरोबर हाय."

तिचा भरवसा अजून वहीवरच आहे. पण बेरजेसाठी ती आता एसटीची वाट पाहत नाही.