ओकांची नव्हे, आमची

काकू पडवीत वाल सोलत बसली होती. जुनं सामान शोधत मुंबईहून आलेल्या गृहस्थांनी कोपऱ्यातली पोरांची खुर्ची उचलली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, "ओकची का हो ही?"

"ओकांची कशाला? आमचीच आहे," काकू म्हणाली.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ओक हे आडनाव आहे, झाड नाही. त्याचा भाऊबंद बांज हिमालयात भेटतो. शास्त्री-सोनवीच्या संगमावर सुताराच्या हाती लागतो तो साग, शिवण नाहीतर फणस. ही फणसाची. ताजा चिरलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो. आग्नेय आशियातले भिक्षू त्याच्याच लाकडाच्या रंगात चीवरं भिजवत. पुढे उजेड, चुलीचा धूर आणि पोरांचे तेलकट हात लागून तो असा तपकिरी होतो, की जाणकारही फसावा. खऱ्या ओकच्या फळीवर चंदेरी पट्टे चमकतात, ते इथे नव्हते. गृहस्थ घाईत असावेत.

पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या घरात खुर्ची आली ती पणजोबांमुळे. मुंबईत साहेबाच्या घरी त्यांनी तसली खुर्ची पाहिली, बोटीने जयगडला उतरून घरी आले आणि सुताराला हातवारे करून सांगितली. सुताराने मान डोलावली आणि आपल्या मनासारखंच केलं. पाय वीतभर, पाठीला तीन पट्ट्या, खिळा एकही नाही, सगळी कुसवं भोकांत ठोकून बसवलेली. पण बैठक पाटाएवढी रुंद. म्हणजे पोराने तिच्यावरही मांडीच घालावी. विलायतेत 19व्या शतकात अ‍ॅस्टली कूपर या शल्यविशारदाच्या नावाने मुलांना ताठ बसवणारी अरुंद, सरळसोट पाठीची खुर्ची निघाली होती. तिथल्या जुन्या ओकच्या काही खुर्च्यांत तर बैठकीला भोक पाडून खाली भांडं ठेवायची सोय असे. आमच्याकडे परसदार होतं.

खुर्चीच्या डाव्या हातावर, अगदी टोकाला, दातांचे चार व्रण आहेत. आते म्हणते तिचे, थोरला चुलतभाऊ म्हणतो त्याचे. मी ते एकदा कंदिलाच्या उजेडात निरखले होते: दोन खोल, दोन उथळ, आणि मधे एक फट. आतेच्या पुढच्या दातांत अजूनही फट आहे. मी कुणाला बोललो नाही.

शास्त्रीचं पाणी पेठेत शिरायला लागलं, की आधी देव माळ्यावर चढतात, मग तांदूळ, मग ही खुर्ची. कपाटाचा नंबर नंतर.

गृहस्थांनी आकडा सांगितला. बरा होता. चुलतभावाने काकूकडे पाहिलं. तिने खुर्ची त्यांच्या हातातून काढून घेतली, सुलटी केली आणि सोललेल्या वालांचं पातेलं तिच्यावर ठेवलं. दोन्ही हातांच्या मधोमध ते नेमकं बसलं.