टर्की, पेरू आणि पोपटी

माणसाने दोन गोष्टींचं माप कधीही बाहेरून घेऊ नये. एक मेहुण्याच्या मनाचं आणि दुसरं ओव्हनचं. मी दोन्ही घेतली आणि दोन्हीकडे चुकलो.

आमचा मेहुणा बारा वर्षं न्यू जर्सीला असतो. गेल्या जानेवारीत तो आला तो दोन कामं काढून. बदलापूरच्या पुढे सासऱ्यांची वीस गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर मेहुण्याचंही नाव असल्यामुळे विक्रीच्या कागदांवर त्याची सही हवी होती, हे पहिलं काम. आणि आम्हां सर्वांना अमेरिकन पद्धतीने अख्खी भाजलेली टर्की खाऊ घालायची, हे दुसरं. पहिल्या कामाबद्दल घरात कोणीच बोलत नव्हतं. म्हणून दुसऱ्याबद्दल सगळे फारच बोलत होते.

"भावोजी, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे घरोघरी टर्की असते," तो सांगू लागला. "सुगी झाली, आभार मानायचे आणि सगळ्या कुटुंबाने एका टेबलाशी बसायचं. लिंकनने १८६३ साली देशभर हा दिवस पाळायला सांगितला, तेव्हापासून दरवर्षी चालू आहे."

"पण हा तर जानेवारी!" ही म्हणाली.

"चालेल," मी म्हणालो. नोव्हेंबरची थकबाकी जानेवारीत वसूल होणं आम्हां बँकवाल्यांना नवं नाही.

टर्की या पक्ष्याबद्दल मी थोडी चौकशी केली. हा मूळचा मेक्सिकोकडचा. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं. खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे तो आपल्याकडचा! फ्रेंचांचंही तेच मत. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपण पेरू म्हणून भलतंच फळ मीठ लावून खातो. प्रत्येकाने पक्षी दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला आहे. आमच्या बँकेतल्या अवघड फायली नेमक्या अशाच फिरतात. हिंदुस्थानात तो आला तोही गोव्यामार्गे. १६१२ साली जहांगीर बादशहासाठी तिथून टर्की आणवली होती आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. बादशहा शहाणा होता. त्याने चित्र काढवलं, ओव्हन विकत घेतला नाही.

टर्की मुंबईहून आणायची कामगिरी माझ्याकडे आली. गोठवलेली, सहा किलोंची, धोंड्यासारखी. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये मी ती वरच्या फळीवर ठेवली. ठाण्यापासून ती ठिबकू लागली. खाली बसलेल्या गृहस्थांनी टकलावरून हात फिरवून छताकडे पाहिलं. मीही त्यांच्याबरोबर छताकडे पाहिलं आणि सहानुभूतीने मान हलवली. अंबरनाथला उतरताना मात्र पिशवी उचलल्याबरोबर गळती थांबली, आणि त्या गृहस्थांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

आता ओव्हन. अंबरनाथच्या माणसाला अशा वेळी काळजी पडत नाही. एक स्टेशन मागे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या रिकाम्या लष्करी छावणीत येऊन उतरली. १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं, आणि सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनी बराकींतून एवढा बाजार उभा केला. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या वडिलांनी मला सांगितला होता. मी तो मेहुण्याला सांगितला. अमेरिकेतून आलेला माणूस यू.एस.ए.मध्ये ओव्हन घ्यायला निघालाय म्हणून आम्ही विठ्ठलवाडीपर्यंत हसलो. उतरायचं उल्हासनगरला होतं, हे तिथे लक्षात आलं.

दुकानदार भला माणूस. त्याने दोनदा विचारलं, "पक्षी केवढा आहे?" मी हाताने दाखवला. आयुष्य कॅशच्या खिडकीवर घालवलेल्या माणसाने आकडा हाताने दाखवू नये.

टर्की वितळायला तीन दिवस फ्रिजमध्ये होती. दूध, दही आणि मी बाहेर. रविवारी सकाळी मेहुण्याने तिला लोणी चोळलं, पोटात कांदे भरले, "सावकाश साडेतीन तास भाजायची" असं जाहीर केलं, आणि ओव्हनचं दार उघडलं. टर्की आत जाईना. एक तंगडी आत ढकलावी तर दुसरी बाहेर. दारात लटकलेल्या आठ-सत्तावीसच्या उतारूसारखी तिची अवस्था झाली.

"या गावात १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे," ही म्हणाली. "साडेनऊशे वर्षं इथे ओव्हनवाचून कोणाचं अडलं नव्हतं."

इतक्यात जेवायला म्हणून बोलावलेले सासरे आले. त्यांनी टोपी काढली आणि टर्कीकडे बराच वेळ पाहिलं.

"कोंबडीला सूज आलीय का रे?"

कोणी बोललं नाही.

"तुकडे करा," ते म्हणाले. "आणि चला माझ्याबरोबर. वाल भरलेत. पोपटी लावू."

पोपटी खरी रायगडची. आमच्या सासूबाई कर्जतकडच्या, त्यांच्याबरोबर ती बदलापूरला आली. भात कापल्यावर त्याच शेतात वाल पेरायचा. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी. तासाभरात आम्ही सगळे शेतावर होतो. हिने तुकड्यांना आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावलं आणि केळीच्या पानात पुरचुंड्या बांधल्या. मेहुण्याला सासऱ्यांनी बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला आणायला पाठवलं. तो कोणता हे बारा वर्षांत विसरला असेल असं मला वाटलं होतं. तो न विचारता घेऊन आला.

मडक्याच्या तळाशी पाला. मग मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मधे पुरचुंड्या, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती काटक्या, पेंढा रचून पेटवून द्यायचं.

"दाबून भर," सासरे म्हणाले. "तुझी आई गुडघा टेकून भरायची."

सासूबाई गेल्या तेव्हा मेहुण्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. तो काही बोलला नाही. गुडघा टेकून भरू लागला.

"आतलं तापमान चौऱ्याहत्तर डिग्री झाल्याशिवाय—" पाऊण तासाने त्याने सुरुवात केली. सासऱ्यांनी मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं. "झालं," ते म्हणाले. "पण तुझी कोंबडी परदेशी, तिला आणखी पंधरा मिनिटं दे."

मडकं फोडलं आणि जो वास सुटला त्याने बांधापलीकडच्या सात मजली इमारतीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. टर्कीची चव? ती कुठल्या देशाची हे शेवटपर्यंत कळलं नाही; पण वालाच्या शेजारात ती बदलापूरची झाली होती. आम्ही पेंढ्यावर गोल बसून राखेने काळ्या झालेल्या हातांनी खाल्लं. सुगी झालेली होती, सगळं कुटुंब एका ठिकाणी होतं. आभार तेवढे कोणी मानले नाहीत. आपल्याकडे तशी पद्धत नाही.

बऱ्याच वेळाने मेहुणा म्हणाला, "आप्पा, दोन गुंठे ठेवू या का? वालापुरते?"

सासरे निखारे सारखे करत होते. "दोन गुंठ्यांत वाल होईल रे. पेंढा कुठून आणशील? पाला कुठल्या बांधावरून आणशील?"

मेहुणा परवा परत गेला. कागद माझ्याकडे आहेत. 'भावोजी, नीट वाचून ठेवा, पुढच्या जानेवारीत बघू,' असं म्हणून दिलेत. बँकेच्या नोकरीत सही नसलेले कागद मी शेकडो वेळा परत केले आहेत. एखादा पाहून बरं वाटलं, असं हे पहिल्यांदाच.

ओव्हन मात्र घरात आहे. ही त्यात पापड ठेवते.