तीन पिढ्यांची दिवाळी: पालिताणा की आबू?

दिवाळीत पेढी लाभपंचमीपर्यंत बंद आणि शाळांनाही सुटी. तीन पिढ्यांनी एकत्र निघावे असे दिवस वर्षातून तेवढेच. घरात दोन नावे निघतात. आजींना पालिताणा हवे असते, नातवंडांना आबू.

येथे पंचांग आधी पाहावे. चातुर्मासात शत्रुंजयाची गिरियात्रा बंद असते. ती कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे लाभपंचमीनंतर दहा दिवसांनी सुरू होते. शिवाय पायऱ्या साडेतीन हजारांवर. डोली मिळते, पण आजी डोलीत, नातवंडे पुढे आणि मधली पिढी धापा टाकीत मागे, याला एकत्र प्रवास म्हणणे कठीण.

आबूला आबूरोड स्थानकापासून सुमारे २८ किलोमीटरचा घाट गाडीच चढते. देलवाड्यात १०३१ ची विमलवसही आणि १२३० ची, वस्तुपाल-तेजपाल बंधूंची लूणवसही अगदी जवळजवळ आहेत. आजींनी सकाळी निवांत दर्शन घ्यावे. दुपारी बारानंतर पर्यटकांची गर्दी होते. लूणवसहीतील देराणी-जेठाणीचे गोखले घरातल्या जावांनी मात्र एकत्रच पाहावेत! कॅमेरा आत नेता येत नाही, त्यामुळे मुलेही छताकडे मान वर करून पाहतात.

या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी नक्की तलावावरील नौकाविहार दुपारीच उरकावा आणि सनसेट पॉइंटला जेवूनच निघावे.

आजींचे पालिताणा यामुळे रद्द होत नाही. पौष-माघात एका मुलाने दुकान भावावर सोपवून त्यांना न्यावे, त्यांच्याच चालीने.