भेट कशाची आहे?

घरातील स्त्रियांना भेट द्यायची झाली तर आपल्या घरांत फारसा विचार करावा लागत नाही. साडी, दागिना, चांदीचे भांडे, अशी परंपरेने वाट आखून दिलेली आहे. पुरुषांना काही द्यायची वेळ आली की मात्र आपण अडखळतो. उंची भेट म्हटली की दुकानदार ठरावीक वस्तूच पुढे ठेवतो: कमरेचा पट्टा, पैशाचे पाकीट, बूट, टाय, घड्याळ, कोट, अत्तर. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या पहिल्या दिवाळसणासाठी मी मुंबईत खरेदीला गेले, तेव्हा यांपैकी किती वस्तू आपल्या घरातून दिल्या जाऊ शकतात, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. इतकी वर्षे तो पडला नव्हता, याचेच आता वाईट वाटते.

आमचे घर सांगलीचे. तीन पिढ्यांपासून हळदीची अडत आहे. जावईबापूंचे घर मुंबईचे. पोलादाचा मोठा व्यापार आणि माणसांचा मोठा गोतावळा. लहान घरातली मुलगी मोठ्या घरात गेली की आईच्या मनात एक हिशेब सतत चालू राहतो. आपण दिलेले तिथे कमी तर वाटणार नाही ना? मुलीनेही फोनवर सांगितले होते, "आई, गेल्या वर्षी जाऊबाईंच्या माहेरून परदेशी घड्याळ आले होते. इथे डब्यावरचे नाव बघतात. या एका वेळेला तू काटकसर करू नकोस." तिच्या बोलण्यात हाव नव्हती. नव्या घरात आपले माहेर उजळ दिसावे, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती मला मनोमन पटली होती.

आम्ही दोघी एका प्रसिद्ध परदेशी नाममुद्रेच्या दुकानात गेलो. विक्रेत्या मुलाने मऊ कापडात गुंडाळलेला पट्टा काढून काचेवर ठेवला. किंमत ३८,००० रुपये. त्याने तो बोटांभोवती गुंडाळून दाखवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मॅडम, हे इटालियन काफ आहे. यापेक्षा मऊ काही मिळणार नाही." मी सहज विचारले, "काफ म्हणजे?" तो क्षणभर थांबला. मुलीने माझा हात दाबला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "वासराचे, मॅडम."

त्याचे काही चुकले नव्हते. त्याच्या दृष्टीने तो मालाचा गुण सांगत होता. पट्टा कातड्याचा असतो, हे मलाही ठाऊक होते. पण 'लेदर' या शब्दात जे झाकले जाते, ते 'वासराचे' या शब्दात झाकले जात नाही. आम्ही काही न घेता बाहेर पडलो. मुलगी गप्प होती आणि तिच्या गप्प बसण्यातली नाराजी मला कळत होती.

परतीच्या रात्री गाडीत मला अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आठवण येत राहिली. त्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांच्यासाठी हौसेने एक रेशमी जाकीट आणि एक पश्मिना शाल आणली होती. सर्वांसमोर त्यांनी दोन्ही वस्तू कपाळाला लावल्या. दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपल्यावर मला हाक मारली. "सूनबाई, एक अडचण झाली आहे. बस."

तेव्हा मला कळले की अण्णांनी वीस वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले होते आणि त्यात वस्त्रांचीही संख्या बांधली होती. सहा धोतरे, सहा सदरे, दोन टोप्या, एक कोट, एक शाल. "जमेला एक आले की नावे एक टाकावे लागते," ते म्हणाले. "ही शाल ठेवतो आणि जुनी आपल्या अडतीवरच्या हमालाला देतो. शेळीचे केस विंचरून ही लोकर काढतात, शेळी जिवंत राहते, असे मी विचारून घेतले आहे. जाकीट मात्र मला घेता येणार नाही. ते किती जिवांचे आहे, याचा हिशेब माझ्याच्याने होत नाही."

रेशमाबद्दल मला तोवर एवढेच ठाऊक होते की ते किड्यापासून मिळते. अण्णांनी समजावून सांगितले. तुतीच्या रेशमाचा किडा स्वतःभोवती एका अखंड धाग्याचा कोश विणतो. एका कोशातला धागा कित्येकशे मीटर लांब असतो. किड्याचा पतंग होऊन तो बाहेर पडला तर कोशाला भोक पडते आणि धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडण्याआधीच कोश वाफेत, गरम हवेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात. रेशमाची जी झळाळी आपल्याला मोहवते, ती या न तुटलेल्या धाग्याची असते. पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून सूत कातून केलेले 'अहिंसा रेशीम' आता मिळते. त्याचा पोत थोडा जाडसर आणि झळाळी कमी असते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी दुखावले होते. एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू परत आली, एवढेच मनात राहिले. ते जाकीट यांच्या कपाटात गेले आणि दोन लग्नांत मिरवले. माझ्या स्वतःच्या चार पैठण्या आजही कपाटात आहेत. त्या मी टाकून दिलेल्या नाहीत. नवी घ्यायची नाही, एवढेच ठरवले आहे. त्यामुळे या लेखात मी कोणाला उपदेश करते आहे, असे कृपया समजू नये.

अण्णा अडतीवर नव्या मुलांना एक गोष्ट आवर्जून शिकवत. हळकुंड बाहेरून कितीही चकचकीत दिसो, मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव बोलू नये. पॉलिश केलेल्या हळदीवर जो भुलला, तो व्यापारी नव्हे. मुंबईच्या त्या दुकानात माझ्या हातून नकळत हळकुंड मोडले गेले होते. आता आतला रंग पाहिला आहे, तर भाव तरी नीट करावा, असे मी ठरवले आणि महिनाभर चौकशीला लागले. त्यात जे हाती आले, ते आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला धडा मिळाला तो कोटाकडून. लोकरीचा कोट म्हणजे निर्धोक, असे मला वाटे. शिंप्याने सांगितले की उत्तम प्रतीच्या कोटाच्या छातीला आकार यावा म्हणून आत घोड्याच्या केसांचे अस्तर घालतात आणि गुंड्या पुष्कळदा शिंगाच्या असतात. उंची सदऱ्याच्या चमकदार गुंड्या शिंपल्याच्या असतात. घड्याळ उत्तम, परंतु पट्टा चामड्याचा; पोलादी पट्टा मागून घ्यावा लागतो. कस्तुरी तर कस्तुरीमृगाची. त्याऐवजी कनौजचे खस किंवा मातीचे अत्तर आहे. पहिल्या पावसाचा वास तांब्याच्या डेगेत ऊर्ध्वपातन करून कुपीत भरण्याची ही जुनी कला अजून टिकून आहे. 'व्हेगन लेदर' या शब्दानेही मी काही दिवस हुरळले होते. पण मोडून पाहिले तर त्यातील बहुतेक माल म्हणजे कापडावर चढवलेले प्लॅस्टिक, आणि तो दोन-तीन वर्षांत सोलून निघू लागतो. जीव जात नाही हे खरे. पण उंची म्हणून त्याला उंची भाव देण्यात अर्थ नाही.

मग मी सुताकडे वळले आणि तिथे मला खरे ऐश्वर्य सापडले. आपल्या व्यापारी वाचकांना हा हिशेब आवडेल. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. १४० काउंटचे सूत म्हणजे पौंडभर वजनात १,१७,६०० वार धागा. साधारण १०७ किलोमीटर. सांगलीहून निघालेला धागा मिरज, कोल्हापूर ओलांडून पुढे जाईल आणि त्याचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी भरेल. इतके बारीक सूत निघायला कापसाचा तंतू लांब असावा लागतो. इजिप्तच्या कापसाचे नाव आपण ऐकलेले असते. परंतु आपल्याकडे कोइमतूरला १९७४ साली सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून 'सुविन' नावाचा कापूस तयार झाला, आणि तो जगातल्या सर्वोत्तम कापसांत गणला जातो, हे मला कपड्याच्या घाऊक व्यापाऱ्याने सांगितले तेव्हा माहीत झाले.

मला वाटले, सुती कापड म्हणजे तरी प्रश्न संपला. तेवढ्यात आंध्रातील पोंडुरूच्या प्रसिद्ध खादीविषयी वाचनात आले. तिथे कापूस साफ करून विंचरायला वालुगा माशाच्या जबड्याचे हाड वापरतात. त्याचे बारीक दात कंगव्यासारखे काम करतात. मी हताश होऊन अण्णांकडे गेले. म्हटले, "अण्णा, सुतातसुद्धा मासा निघाला. शिवाय कापसावर फवारणी होतेच. मग द्यायचे तरी काय?"

अण्णा हसले. म्हणाले, "सूनबाई, हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घरदार आणि धंदा करणाऱ्याला पहिल्या तिन्ही पूर्ण टळत नाहीत. आपली हळददेखील शेतात नांगर फिरल्याशिवाय येत नाही. पूर्ण निर्दोष माल शोधायला निघालीस तर शेवटी दीक्षाच घ्यावी लागेल. तू एवढेच बघ, की केवळ आपल्या हौसेसाठी कोणाला जाणूनबुजून मारलेले नाही ना. आणि दुसरे बघ. ज्याला देणार, त्याला ते वापरायचे आहे का? कपाटात पडून राहिले तर सगळेच वाया."

दुसरा प्रश्न मी कधी विचारातच घेतला नव्हता. जावईबापूंना काय आवडते, हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या घरच्यांना काय दिसावे, एवढ्याच काळजीत मी होते. मुलीला विचारले तेव्हा कळले की त्यांच्याकडे चार पट्टे आहेत आणि चारही भेटीदाखल आलेले. ऑफिसला ते रोज पांढरा किंवा फिका निळा सदरा घालतात. मुंबईच्या दमट हवेत तयार सदऱ्यांची कॉलर त्यांना टोचते, म्हणून घरी येताच आधी ती सोडवतात. भेट ठरवायला एवढी माहिती पुरेशी होती.

सुविनच्या कापडाचे तीन सदरे शिवायचे ठरले. दोन पांढरे, एक निळा. मापासाठी मुलीने त्यांचा एक नेहमीचा सदरा गुपचूप धाडला. अण्णांचे कपडे शिवणाऱ्या आमच्या जुन्या शिंप्याने कॉलरचे आतले कापड मऊ घेतले. शिंपल्याच्या गुंड्यांऐवजी कोरोझोच्या लावल्या. दक्षिण अमेरिकेतील एका ताडाच्या कठीण बियांपासून त्या करतात, आणि दिसायला हस्तिदंतासारख्या असतात. सोबत एक इबोनाइटचे शाईचे पेन घेतले. रबर आणि गंधक एकत्र तापवून होणारा हा पदार्थ. स्वदेशीच्या काळापासून राजमहेंद्रीची अशी पेने नावाजलेली आहेत. सगळे मिळून त्या पट्ट्याच्या निम्म्या किमतीतही बसले. काटकसर करायची नव्हती, झाली, इतकेच.

पाडव्याला आम्ही मुंबईला गेलो. आदल्या दिवशी पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवताना माझ्या मनात मात्र तो साधा पांढरा डबा होता. डब्यावर कोणतेही नाव नव्हते. जाऊबाईंच्या माहेरची भेट दिवाणखान्यात मध्यभागी होती, आमचा डबा एका बाजूला राहिला. कोणी काही वाईट बोलले नाही. विहीणबाईंनी "छान आहे" म्हटले आणि झाकण लावले. स्वयंपाकघरात मुलगी माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलली. निघताना तिने नमस्कार केला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तत्त्व माझे होते आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली, हे मी आजही नाकारत नाही. ही गोष्ट आधी तिच्याशी बसून बोलायला हवी होती. घरातल्या एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने सोसायचे, हीसुद्धा एक प्रकारची हिंसाच आहे.

पुढे महिनाभराने तिचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, "आई, हे तुझेच सदरे आलटूनपालटून घालतात. धुवायला टाकायलाही तयार नसतात." त्या पलीकडे ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र मी शहाणी झाले होते. खरेदीला निघण्यापूर्वी सरळ जावईबापूंनाच फोन लावला. म्हटले, "संकोच न करता सांगा, यंदा काय हवे?" ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "आई, खरे सांगू? निळ्या सदऱ्याची वरून दुसरी गुंडी तुटली आहे. तशी इथे कुठे मिळत नाही. तेवढी एक पाठवाल का?"

मी शिंप्याकडे जाऊन तशा सहा गुंड्या आणल्या आणि लहानशा पाकिटात घालून पाठवल्या. अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "एक मागितली होती ना? मग सहा का?"