शेवट ठाऊक असतांना

उतारवयांत मनुष्यास जे कांहीं छंद लागतात, त्यांत पूर्वीं पाहिलेलें पुन्हां पाहण्याचा छंद मोठा फसवा आहे. तरुणपणीं रात्र जागून वाचलेली कादंबरी पन्नाशीनंतर हातीं घ्यावी आणि ती फिकी वाटावी, लहानपणीं डोंगराएवढा भासलेला देवळाचा चौथरा पुढें गुडघ्याएवढा दिसावा, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. आम्हांस मात्र एकदां याच्या उलट अनुभव आला, आणि तोही एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या निमित्तानें. त्या अनुभवानें आमच्या घरांतील एक गोष्ट बदलली, म्हणूनच तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मालिकेचें नांव ‘दि ट्वायलाइट झोन’. संधिप्रकाशाचा प्रदेश, असें त्याचें भाषांतर करतां येईल. दिवस सरलेला आहे पण रात्र झालेली नाहीं, अशी जी वेळ आपल्याकडे देवापुढें दिवा लावून साजरी करितात, तिचेंच हें नांव. २ ऑक्टोबर १९५९ रोजीं या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेंत दाखविला गेला आणि १९६४ च्या जूनमध्यें शेवटचा. पांच हंगामांत मिळून १५६ कथा झाल्या. प्रत्येक कथा स्वतंत्र, पात्रें निराळीं, नट निराळे. चौथ्या हंगामांतील १८ भाग तेवढे तासाभराचे, बाकीचे सारे अर्ध्या तासाचे. या १५६ पैकीं ९२ कथा एकट्या रॉड सर्लिंगनें लिहिल्या, आणि आरंभीं व शेवटीं चार शब्द बोलून कथेची ओळख करून देणारा सूत्रधारही तोच.

आम्हीं ही मालिका प्रथम पाहिली ती १९७९ सालीं. उच्च शिक्षणासाठीं आम्ही न्यूयॉर्क राज्यांतील एका गांवीं राहत होतों. तीन मराठी विद्यार्थ्यांनीं मिळून एक खोली भाड्यानें घेतली होती, आणि तिच्या कोपऱ्यांत कोणींतरी टाकून दिलेला एक काळापांढरा दूरचित्रवाणी-संच होता. रात्रीं अकरानंतर एक स्थानिक केंद्र या मालिकेचे जुने भाग दाखवी. जाहिरातींस जागा व्हावी म्हणून भागांतून कांहीं मिनिटें कापलेलीं असत. पण आम्हांस त्याचें सोयरसुतक नव्हतें, कारण आमचें सारें लक्ष शेवटाकडे. कथेचा शेवट जो आधीं ओळखील त्यास इतर दोघांनीं चहा करून द्यावयाचा, अशी आमची पैज असे.

आणि शेवट तरी कसे! बँकेंतला एक पुस्तकवेडा कारकून. त्यास ना बायको वाचूं देते ना साहेब. एके दिवशीं तो तिजोरीच्या खोलींत वाचीत बसलेला असतांना वर अणुबाँब पडतो आणि सारें जग नष्ट होतें. उरतो तो एकटा, आणि उरतें तें ग्रंथालय. आतां हवा तितका वेळ आहे, असें म्हणून तो पुस्तकांची चळत लावतो, आणि तोंच त्याचा चष्मा खालीं पडून फुटतो. दुसऱ्या एका कथेंत परग्रहावरून आलेले पाहुणे पृथ्वीवरील दुष्काळ व युद्धें नाहींशीं करितात. त्यांच्या ग्रंथाचें नांव मानवाच्या सेवेविषयीं आहे असें वाटून लोक आनंदानें त्यांच्या यानांत चढूं लागतात, आणि मागाहून कळतें कीं, तो ग्रंथ माणसें पानांत कशीं वाढावीं हें सांगणारें पाकशास्त्र आहे. आम्ही टाळ्या पिटून हंसत असूं. पहिल्या दहा मिनिटांत काय झालें, हें दुसऱ्या दिवशीं आमच्यापैकीं एकासही आठवत नसे.

पुढें आम्ही पुण्यास परत आलों, संसारांत पडलों, आणि ती मालिका विसरलों. २०१२ सालीं आमच्या पुतण्यानें अमेरिकेहून येतांना तिच्या साऱ्या भागांच्या तबकड्यांचा संच आणला. मूळ फिल्मवरून नव्यानें तयार केलेल्या या प्रतींत, पूर्वीं कापलेलीं मिनिटें आपल्या जागीं परत आलेलीं आहेत. दुसऱ्या हंगामांतील सहा भाग खर्च वांचविण्यासाठीं फिल्मऐवजीं व्हिडिओ-फितीवर घेतले होते. ते तेवढे आजही धूसर दिसतात. बाकीचे इतके स्वच्छ कीं, नटाच्या कोटाची वीण मोजावी. परंतु खरा फरक चित्रांत नव्हता, तो आमच्यांत होता. शेवट ठाऊक असल्यामुळें त्याची वाट पाहण्याचें कारण उरलें नव्हतें, आणि म्हणून तेहेतीस वर्षांनीं प्रथमच आम्हांस कथेचा आरंभ दिसूं लागला.

मग सर्लिंगविषयीं थोडें वाचलें. त्याचा जन्म १९२४ चा. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन या गांवीं तो वाढला. दुसऱ्या महायुद्धांत छत्रीधारी सैनिक म्हणून तो फिलिपाइन्समध्यें लढला, आणि तो सैन्यांत असतांनाच त्याचे वडील वारले. १९५५ सालीं मिसिसिपी राज्यांत एमेट टिल नांवाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि मारेकरी निर्दोष सुटले. त्यावरून सर्लिंगनें दूरचित्रवाणीसाठीं नाटक लिहिलें. तें १९५६ मध्यें दाखविलें गेलें खरें, पण कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्यांस कोणी दुखावलें जाऊं नये याची काळजी. त्यामुळें घटनास्थळ दक्षिणेंतून उचलून न्यू इंग्लंडांत नेण्यांत आलें आणि मारला गेलेला मुलगा कोणी परका मनुष्य होऊन बसला. तेव्हां सर्लिंगनें निराळी वाट धरिली. जें आपल्या शेजाऱ्याच्या तोंडीं घालतां येत नाहीं, तें मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडीं घातलें तर कोणी हरकत घेत नाहीं. विष्णुशर्म्यानें कोल्ह्या-करटकांच्या गोष्टींतून राजपुत्रांस जें शिकविलें, त्याच जातीची ही युक्ति. भुतें, यंत्रें आणि परग्रह हीं सारीं वरचीं वस्त्रें. आंत गोष्ट आपल्याच गल्लींतली.

पहिल्याच हंगामांत ‘वॉकिंग डिस्टन्स’ नांवाची कथा आहे. छत्तीस वर्षांचा, कामानें गांजलेला एक अधिकारी मोटार दुरुस्तीस टाकून पायींच आपल्या बालपणच्या गांवीं जातो. गांव तसेंच आहे, कारण तो पंचवीस वर्षें मागें गेला आहे. तेथें त्याचे आईवडील हयात आहेत, आणि तो स्वतः अकरा वर्षांचा मुलगा होऊन चक्री-पाळण्यावर बसला आहे. ‘हे दिवस जपून ठेव’ एवढेंच त्यास त्या मुलाला सांगावयाचें असतें. पण तो मागें धांवतो आणि मुलगा भिऊन पाळण्यावरून पडतो. शेवटीं वडील त्यास ओळखतात, आणि रागावत नाहींत. प्रत्येकास एकच उन्हाळा मिळतो, तो या मुलाचा त्यास घेऊं द्यावा, असें ते सांगतात; तूं मागेंच पाहत आलास, एकदां पुढें पाहा, असेंही सुचवितात. ज्या मुलानें आपले वडील सैन्यांत असतांना गमावले, त्यानें पुढें हें संभाषण लिहिलें, हें कळल्यावर आम्ही तो भाग फिरून पाहिला. १९७९ सालीं आम्हांस तो कंटाळवाणा वाटला होता, कारण त्यांत दचकविणारा शेवट नाहीं.

आतां आमच्या काकूची गोष्ट सांगावयास हवी. आमच्या मातुःश्री नेहमीं आजारी असत, म्हणून आम्हां भावंडांस वाढविलें तें या काकूनें. काका लवकर गेले, तिला मूल नव्हतें, आणि ‘माझीं पांच’ असें ती आम्हां पांचांविषयीं म्हणे. २०१० मध्यें पेठेंतला आमचा वाडा पाडून तेथें इमारत बांधावयाचें ठरलें. दोन वर्षें आम्हांस भाड्याच्या लहान जागेंत काढावयाचीं होतीं. तेवढ्यापुरतें म्हणून काकूस शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमांत ठेवलें. जागा स्वच्छ होती, माणसें भलीं होतीं; तक्रारीस जागा नव्हती. २०१२ च्या दसऱ्यास आम्ही नव्या घरांत राहावयास आलों. पण आतां धाकट्या मुलीचें दहावीचें वर्ष, तिला अभ्यासास खोली हवी. आमचीं पुस्तकें एका खोलींत. पाहुण्यांस एक असावी. काकूनें गणपतींत एकदां विचारलें होतें, “घर झालं ना रे आतां?” आम्हीं म्हटलें होतें, “हो, पाहूं. विचार करूं.”

दिवाळीस चार दिवस ती घरीं आली. भाऊबीजेच्या आदल्या रात्रीं मुलांनीं तबकडी लावली. कथेचें नांव ‘किक द कॅन’. १९६२ च्या फेब्रुवारींत प्रथम दाखविलेली, जॉर्ज क्लेटन जॉन्सन यानें लिहिलेली. काकूस इंग्रजी येत नसे, म्हणून आम्ही शेजारीं बसून सांगत होतों. एका वृद्धाश्रमांतला म्हातारा, मुलगा आपणांस घरीं न्यावयास येणार म्हणून पेटी भरून, सोबत्यांचा निरोप घेऊन, हर्षानें मोटारींत जाऊन बसतो. मुलगा अवघडून म्हणतो, बाबा, मीं नेतों असें म्हटलें नव्हतें, विचार करूं एवढेंच म्हटलें होतें. म्हातारा खालीं उतरतो.

हें वाक्य मराठींत सांगतांना आमची जीभ अडखळली. काकूस गोष्ट कळली होती. ती पडद्याकडेच पाहत होती.

पुढें बाहेर मुलें डबा लाथाडून खेळत असतात. “अगोबाई, हा तर डबा ऐसपैस!” काकू म्हणाली, आणि खरोखर तो तोच खेळ आहे. त्या म्हाताऱ्यास वाटतें, आपण खेळणें सोडलें म्हणून म्हातारे झालों. व्यवस्थापकाचा डोळा चुकवून तो साऱ्या वृद्धांस रात्रीं अंगणांत नेतो, आणि डबा घेऊन धांवतां धांवतां तीं सारीं खरोखरच लहान मुलें होतात. एकच मागें राहतो. त्याचा जिवलग मित्र, ज्यानें या वेडेपणांत सामील होण्यास नकार दिला, तो धांवत येतो, ‘मलाही ने’ म्हणून विनवितो. पण मूल झालेला मित्र त्यास ओळखीत नाहीं. अंधारांत तो एकटा हातांत डबा धरून उभा.

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीही तेहेतीस वर्षांपूर्वीं वाजविल्या होत्या. काकू मात्र थोड्या वेळानें म्हणाली, “पण त्या पेटींतले कपडे त्याला पुन्हां कपाटांत लावावे लागले असतील, नाहीं का रे?”

कोणीं कांहीं बोललें नाहीं. रात्रीं निजानीज झाल्यावर सौभाग्यवतींनीं सांगितलें, “काकूंनीं या खेपेस कपडे कपाटांत लावलेच नाहींत. रोज पेटींतून काढतात, आणि घडी करून परत पेटींतच ठेवतात.” आम्ही बराच वेळ जागे होतों. विचार करूं, असें आम्हीं जेव्हां म्हटलें, तेव्हांपासून खरोखर विचार असा एकदांही केला नव्हता, हें त्या रात्रीं आम्हांस कबूल करावें लागलें.

सकाळीं पुस्तकांचीं कपाटें दिवाणखान्यांत आलीं. भाऊबीज झाली, आणि काकूची पेटी माळ्यावर गेली.

हें सारें एका चित्रकथेनें घडविलें, असें म्हणणें खोटेपणाचें होईल. जें करावयाचें तें आम्हांस ठाऊक होतेंच. तें पुढें ढकलण्यासाठीं वापरलेलें वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागलें, इतकेंच. शिवाय पुढचीं वर्षें सारीं गोडीगुलाबीचीं गेलीं, असेंही नाहीं. सोंवळ्याओंवळ्यावरून खटके उडाले. पहांटे चारास तिचीं स्तोत्रें सुरू होत आणि मुलगी चिडे. एकदां तर काकू रागानें म्हणाली, “तिथें बरी होतें मी.” २०१९ सालीं, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, ती याच घरांत गेली.

पण एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. घरीं आल्यावर महिन्याभरांतच काकूनें हट्ट धरिला कीं, महिन्याच्या पहिल्या रविवारीं तिला वृद्धाश्रमांत घेऊन जावें. तेथें तिच्या खोलींत सोलापुराकडील एक बाई होत्या. त्यांचें मागें कोणी नव्हतें. काकूच्या सांगण्यावरून घरीं केलेला एखादा पदार्थ डब्यांत घालून आम्ही नेत असूं, आणि त्या दोघी दुपारभर बोलत बसत. आम्ही बाहेर बांकावर बसून राहत असूं. सुखान्त म्हणून आमच्या मुलांनीं ज्यास टाळ्या दिल्या, त्या कथेंत मागें राहिलेला तो एक मित्र आहे, आणि सर्लिंगनें व जॉन्सननें त्यास झांकून ठेवलेलें नाहीं, हें आम्हांस त्या बांकावर बसून समजलें. त्या बाई काकूच्या आधीं दोन वर्षें गेल्या. शेवटच्या रविवारीं दिलेला डबा त्यांनीं घासून, पुसून, काकूच्या हातीं परत दिला होता.

तबकड्यांचा संच अजून दिवाणखान्यांतल्या कपाटांत आहे. आतां मुलीचीं मुलें तो काढून बसतात, आणि कथा अर्ध्यावर आली म्हणजे विचारतात, “आजोबा, शेवटीं काय होतं, सांगा ना!” आम्ही सांगत नाहीं. आरंभ नीट पाहा, एवढेंच म्हणतों.